हाताला लागलेलं

पाळणाघराच्या बाईंनी मुंगीचा फ्रॉक पाठीमागून जरासा वर केला आणि तिला न्यायला आलेल्या बापाकडे पाहिलं. उजव्या खांद्याखाली चार बोटं उमटली होती. लाल, फुगलेली, कडांना फिकट. करंगळीसुद्धा वेगळी ओळखू यावी इतकी स्वच्छ. त्याने नकळत आपला उजवा हात पाहिला, आणि आपण तो पाहतोय हे बाईंनी पाहिलं, हेही त्याच्या लक्षात आलं. आत्ताच तर त्याने तिला उचललं होतं. बेकरीतून तो धावतपळत आला, मुंगी नेहमीसारखी येऊन गुडघ्यांवर आदळली, त्याने तिला वर घेतलं, फ्रॉकच्या सैल बंदांमधून हात आत गेला. तिची पाठ गरम होती, झोपून उठलेल्या पोराची असते तशी. एवढंच. मग ती बूट घालायला खाली उतरली आणि भिंतीला पाठ घासायला लागली, म्हणून बाईंनी पाहिलं. झोपून उठली तेव्हा पाठ साफ होती, मीच क्रीम लावलं, असं त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण काचेची भांडी एकेक करून मांडावीत तसे शब्द त्या जपून ठेवत होत्या. तो म्हणाला, "मी मारलं नाही हो हिला." आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, ज्याने मारलेलं नाही तो हे असं बोलत नाही. तसं कोण म्हणतंय, असं बाई म्हणाल्या, पण डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. मुंगी एव्हाना उलटसुलट बूट घालून दारात उभी राहिली होती आणि दोघांनाही उशीर लावल्याबद्दल रागावत होती.

बसमध्ये ती त्याच्या मांडीवर बसली, पण त्याने दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून ठेवला. तिच्या मानेचा वास येत होता, क्रीमचा आणि त्याखालचा तिचा. त्याने मध्येच फ्रॉक बाजूला करून पाहिलं. करंगळी गेली होती. दोन थांब्यांनंतर नुसती गुलाबी झाक उरली आणि घराजवळ उतरेपर्यंत तीही नाही. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. जणू त्याच्या बाजूने बोलणारा एकुलता एक साक्षीदार उठून निघून गेला. तिच्या अंगावरचं बाकी सगळं मात्र जागच्या जागी होतं, कोपरांच्या आतल्या खरखरीत घड्या, मानेवरचा जाड पडलेला पट्टा, गुडघ्यांमागचे ओरखडे. ते त्याला पाठ होतं. तिसऱ्या महिन्यात तिच्या गालांवर पहिल्यांदा लाल चकंदळं आली तेव्हा सगळे म्हणाले, गोरीपान आहे म्हणून दिसतं. मग गाल ओलसर व्हायला लागले, खपल्या धरायला लागल्या, आणि कुणीतरी 'इसब' म्हणालं. त्या दिवसापासून घरात खाण्यावर खटला सुरू झाला तो आजतागायत. आधी दूध आरोपी. मग गहू. मग मासे, टोमॅटो, संत्रं, केळं. मुंगी अंगावर पीत होती तोवर बायकोने एकेक सोडलं. भात, बटाटा आणि उकडलेला भोपळा एवढ्यावर ती राहिली, आणि मुंगीच्या गालांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. चार दिवस बरे जायचे, मग कुणीतरी म्हणायचं, बघा, केळं बंद केल्याचा गुण. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्या वाढदिवसाला शेजारच्या बाईंनी कौतुकाने आणलेल्या केकवरच्या फेटलेल्या अंड्याच्या मलईचं बोट तिच्या जिभेला लावलं, आणि बघता बघता ओठ सुजला, ओकारी सुरू झाली, सगळे तशाच कपड्यांत दवाखान्यात पळाले. अंड्याची अॅलर्जी. त्या दिवशी भीतीच्या खाली कुठेतरी सुटकाही होती, हे त्याला आठवलं. एक तरी गुन्हेगार रंगेहाथ सापडला होता. घरातून अंडं हद्दपार झालं. तो मात्र रोज पहाटे उठून अंड्यांच्याच राज्यात जात होता, कोपरापर्यंत.

त्याची स्वतःची कातडीही अशीच होती म्हणे. म्हणे नाही, त्याला आठवतंच होतं: आईने हातांवर चढवलेले वडिलांचे पायमोजे, मनगटाशी नाडीने बांधलेले, ते घालून तो पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि पेन्सिल निसटायची. मावशीने दूध बंद केलं, आजोबांनी आंबट, आईने गोड. शाळेच्या वाटेवर एक बेकरी होती. तिच्या मागच्या बाजूला जाळीची खिडकी होती आणि तिथून ऊन ऊन वास बाहेर पडायचा, लोण्याचा, करपत आलेल्या साखरेचा, आणखी कशाचा तरी, ज्याला तेव्हा त्याच्याकडे शब्द नव्हता. तो तिथे उभा राहायचा. खायला नाही, नुसता उभा. वास तरी कुणी बंद केला नव्हता. पुढे उंची वाढायला लागली तशी कातडी आपोआप निवळली, आणि मावशी, आजोबा, आई तिघांनीही ते यश आपापल्या नावावर लावलं. आजोबा तर अखेरपर्यंत पाहुण्यांना सांगत की आंबट तोडलं म्हणून पोरगा वाचला. इतर मुलं काही ठरवून काहीतरी होतात. तो त्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेला, एवढंच. आता त्याचे केक दुपारपर्यंत संपत. आणि त्याच्या मुलीने त्याच्या हातचा एक कणही कधी खाल्ला नव्हता. लोक विचारत, बेकरीवाल्याच्या मुलीची चंगळ असेल. तो हसत असे. हसायचा सराव झाला होता.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. संध्याकाळी आली की समोरच्याचं बोलणं ती थोडी मान कलती करून ऐके, जणू कुठलं अक्षर नीट दिसत नाही ते विचारणार आहे. त्याने सगळं सांगितलं, पाळणाघरातलं, बाईंच्या नजरेचं, बसमधलं. शेवटी तो म्हणाला, तुला तरी खरं वाटतंय ना. तिने मान कलती केली. मग म्हणाली, "तुला डास मारता येत नाही नीट." आणि फोन उचलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. नेहमीच्या डॉक्टरांची नाही. मोठ्या इस्पितळात मुलांच्या अॅलर्जीच्या एक डॉक्टर नव्याने आल्या होत्या, दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाने त्यांचं नाव सांगितलं होतं.

डॉक्टर स्वतः सारख्या शिंकत होत्या. टेबलावर रुमालांचा डबा, नाक लाल, आणि प्रत्येक शिंकेनंतर मुंगीची माफी मागत. त्यामुळे मुंगीला त्या एकदम पसंत पडल्या. त्यांनी तिला पूर्ण उघडी करून खिडकीच्या उजेडात पाहिलं, घडीघडीत बोट फिरवून. मलम किती लावता, असं विचारलं. बायको म्हणाली, अगदी थोडं, भीती वाटते, त्यात स्टेरॉइड असतं ना. आणि ओलाव्याचं साधं क्रीम कोण लावतं? तो म्हणाला, मी. पाळणाघरात बाई लावतात, पण घरी आल्यावर मीच; तिला माझ्याच हाताची सवय आहे. "काम काय करता?" त्याने सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. काल निघण्याआधी नक्की काय करत होता, असं त्यांनी विचारलं, आणि त्याला ते दिसलं, विचारण्याआधीच दिसलं असावं. काल पावांवर अंड्याचा हात फिरवणारा सुट्टीवर होता. त्याने स्वतःच ब्रश घेतला, ट्रेमागून ट्रे, तो पिवळा चकचकीत पातळ थर. उशीर झाला म्हणून हात ॲप्रनला पुसले आणि पळाला. चार बोटं. ती त्याचीच होती, फक्त मारलेली नव्हती.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्याने पुढे अनेक दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवलं, कामावर, बसमध्ये, दाढी करताना. आपण सगळे गोष्ट उलटी धरून बसतो, त्या म्हणाल्या. खाण्यामुळे इसब झाला असं घरोघर समजतात. बहुतेकदा इसब आधी असतो आणि अॅलर्जी त्याच्या मागून येते. अशा मुलांची कातडी जन्मतःच जरा विरळ असते, तिला भेगा पडतात, आणि घरातलं अन्न, हवेतलं, हाताला लागलेलं, चादरीवर सांडलेलं, त्या भेगांतून आत शिरतं. "समजा, कुणी पुढच्या दाराने घंटी वाजवून आलं तर आपण बसा म्हणतो, चहा विचारतो. तोच माणूस न्हाणीघराच्या खिडकीतून आत उतरला, तर? शरीराचंही तसंच आहे. तोंडातून आलेलं ते अन्न म्हणून ओळखतं. कातडीतून आलेल्याला चोर समजतं, आणि मग तो पुढे पुढच्या दाराने आला तरी त्याला सोडत नाही." अंड्याचं हिच्या बाबतीत तसं झालेलं दिसतं. पण इसबाचा सगळा दोष अंड्याच्या माथी मारू नका, आणि दूध, गहू, मासे यांच्या माथी तर मुळीच नाही. त्यांनी मुंगीच्या हातावर एकेका पदार्थाचे थेंब ठेवून बारीक टोचून पाहिलं. अंड्याच्या थेंबापाशी गांधी उठली, बाकीचे थेंब आपले निमूट बसून राहिले. तो विचारणार नव्हता, पण विचारलंच. "म्हणजे माझ्या हातांनीच?" डॉक्टर शिंकल्या, नाक पुसलं, आणि मग सावकाश म्हणाल्या, "असेल. नसेलही. ज्या बापांनी जन्मात अंडं फोडलेलं नाही त्यांच्याही मुली येतात माझ्याकडे. ते शोधून काढायची सोय नाही, आणि काढून करणार काय? हात धुवा आणि क्रीम लावत राहा. भरपूर लावा."

ते बाहेर पडले. मुंगी दोघांच्या मध्ये उड्या मारत चालली होती. इस्पितळासमोरच्या टपरीवर बायको थांबली, पावात चीज आणि टोमॅटो घालून मागितलं, बाकावर बसली आणि खायला लागली, एकाग्रपणे, शाळेतली मुलं गणित सोडवतात तशी. मुंगी खात नाही तर तिच्यासमोर आपणही नको, म्हणून तिने अंगावरचं दूध सुटल्यावरही हे सगळं सोडलेलंच ठेवलं होतं. घरात कुणी तसं ठरवलं नव्हतं, ते नुसतं तसं झालं होतं. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो जवळ सरकला तर म्हणाली, मिरची फार घातलीय मेल्याने. आणि थोड्या वेळाने, तोंड पुसत: "इतका भोपळा खाल्ला मी. इतका." त्याला वाटलं आता ती रडेल, पण ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत, आणि मुंगी, कशाला ते न कळता, तिच्याहून मोठ्याने.

पण त्याचे हात मात्र आखडले. कुणी सांगितलं नव्हतं. तो बेकरीतच अंघोळ करायला लागला, कपडे बदलायला लागला, नखं इतकी कापली की टोकं हुळहुळायची. पाळणाघरात गेला की नळाखाली पुन्हा हात धरायचा, आणि बाई, त्यांना त्याने सगळं समजावून सांगितल्यापासून, त्याच्यासाठी वेगळा टॉवेल काढून ठेवायच्या. एवढं करूनही घरी आल्यावर हात खिशात जायचे. क्रीम बायको लावायची. तो दारात उभा राहून पाहायचा, ती डब्यातून चमच्याने क्रीम काढते, कारण बोटं डब्यात घालायची नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुंगीच्या पाठीवर ठिपके देते, पसरते. तिचा हात भराभर चालायचा, चष्म्याची काच पुसल्यासारखा. त्याला वाटायचं, खालून वर नव्हे, वरून खाली, केसांच्या दिशेने. पण बोलायचं नाही. त्याने इतकी वर्षं हे हात जगातली सर्वांत निरुपद्रवी गोष्ट म्हणून वापरले होते. पीठ त्यांना ओळखायचं. भट्टीच्या दारापाशी नुसता तळवा धरून तो धग सांगायचा. मुंगी जन्मली तेव्हा दाईने ती त्याच्या याच हातांवर दिली, आणि तिचं वजन त्याला एका मोठ्या पावाएवढं वाटलं होतं, थोडं जास्त ओलसर, इतकंच. मग क्रीम लावता लावता तिची खाज थांबायची, श्वास लांबायचा, ती झोपायची, आणि तो स्वतःवर खूश व्हायचा. त्या खुशीच्या आड अंडं तिच्या कातडीत शिरत होतं का? तो हा विचार जिभेने दुखरा दात चाचपावा तसा पुन्हा पुन्हा चाचपायचा. दुखायचं, पण थोडं थोडं कमी. तेही त्याला आवडेना.

एका संध्याकाळी बायको पाठीला क्रीम लावत असताना मुंगी उठून बसली आणि तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. आई गुदगुल्या करते, बाबाने लाव. बायकोने चमचा त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, राहू दे ना, तूच लाव. बायको उठली, त्याला न्हाणीघरात घेऊन गेली, नळ सोडला, आणि साबण त्याच्या हातावर ठेवला. "मलाही वाईट वाटलं," ती म्हणाली, "माझं दूध पिऊन हिला काही झालं असेल म्हणून मी वर्षभर स्वतःला खात होते. तुला नाही सांगितलं. आता तू सुरू करू नकोस. धू." त्याने धुतले. अगदी मनगटांच्या वरपर्यंत, फेस जाईपर्यंत. मग मुंगीच्या पाठीवर हात ठेवला, आणि वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवला. तिने डोळे मिटले. तो वाट पाहत राहिला, आत्ता बोटं उठतील, आत्ता. काहीही उठलं नाही. नुसती पाठ होती, मणक्यांची छोटी छोटी टेकाडं असलेली.

मलम भीड न ठेवता लावल्यावर महिन्याभरात गुडघ्यांमागचं निवळलं, मग कोपरांच्या घड्या. मानेवरचा पट्टा हट्टी निघाला, पण तोही पातळ झाला. या काळात मुंगी दूध प्यायली, पाव खाल्ला, मासा खाल्ला आणि काटा लागल्याचं खोटं नाटक केलं, टोमॅटो भिंतीवर फेकला. कातडी तिकडे लक्षच देईना. त्याच्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तुला त्या मोज्यांचा काहीच उपयोग नव्हता का रे. तिच्या आवाजात काहीतरी निराधार होतं. तो म्हणाला, मोज्यांचा होता, आई. मोजे बरोबर होते. तिला बरं वाटलं.

मग एका तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, आता केक देऊन पाहू. अंडं खूप वेळ पिठात भाजलं की त्याचा स्वभाव मवाळ होतो. अंडं न चालणाऱ्या बऱ्याच मुलांना ते तसं चालतं, आणि चाललं तर खात राहिल्याने पुढची वाटही सोपी होऊ शकते. पण हे घरी करायचं नाही, इस्पितळात, आमच्या डोळ्यांसमोर, औषध तयार ठेवून. परिचारिकेने छापील कृती दिली आणि विचारलं, घरी केक जमेल ना करायला? बायकोने दुसरीकडे पाहिलं. तो नम्रपणे म्हणाला, प्रयत्न करतो.

कृती वाईट होती. साखर जास्त, लोण्याऐवजी तेल, चवीला काही नाही. पण मापं बदलायची नाहीत, असं बजावलेलं; अंडं किती आणि भाजायचं किती, हे ठरलेलं. तो बेकरीतलं काम आटपल्यावर दुपारी एकटाच मागे थांबला. इतक्या वर्षांत त्याने किती अंडी फोडली असतील, पण हे एक हातात धरून तो उगाच उभा राहिला. गार होतं, थोडं खडबडीत. तिच्या कोपराची पूर्वीची आठवण करून देणारं, असं त्याला वाटलं आणि त्याने ते पटकन फोडलं. केक भट्टीत गेला. वेळ झाली, त्याने सळई खुपसून पाहिली, कोरडी निघाली, झाला होता. तरी त्याने दार पुन्हा लावलं. आणखी थोडा राहू दे. आणखी थोडा. आत कुठेतरी एखादा कण कच्चा राहिला तर. वरची कड गडद तपकिरी रंगावर गेली तेव्हा त्याने तो बाहेर काढला.

इस्पितळातली खोली पिवळी होती, भिंतीवर कुणीतरी काढलेले मासे. मुंगीचं वजन, नाडी, कातडी सगळं पाहून झालं. परिचारिकेने आधी एक कण दिला, टाचणीच्या डोक्याएवढा. मग थांबायचं. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. जितकं पाहावं तितके ते जाड वाटायला लागले, मग पातळ, मग कुणा दुसऱ्याच मुलीचे. बायकोने त्याची बाही ओढली. असं टक लावून पाहिलं तर डोळ्यांना काहीही दिसतं, ती म्हणाली, धंद्यातलं सांगतेय. मग वाटाण्याएवढा तुकडा. थांबायचं. मुंगीने एक मासा मोठा आणि एक आजारी असल्याचं जाहीर केलं. पुढच्या तुकड्यानंतर तिच्या हनुवटीवर लाल डाग दिसला. सगळा आवाज खोलीतून निघून गेला, फक्त पंखा. परिचारिकेने वाकून पाहिलं, ओल्या कापसाने पुसलं, वाट पाहिली. डाग गेला. हाताने चोळलंय तिने, ती म्हणाली. मग शेवटचा मोठा तुकडा आला. मुंगीने तो चावला, गालात फिरवला, गिळला. यानंतर बराच वेळ नुसतं बसायचं होतं. ते बसले. ऊन खिडकीतून सरकत सरकत खाटेवर आलं. मुंगी त्याच्या मांडीवर पहुडली, आणि तो तिच्या उघड्या दंडावर तळवा ठेवून राहिला. दंड गुळगुळीत होता, किंचित केसाळ, साधा.

डॉक्टर शिंकत आत आल्या, सगळीकडून पाहिलं, आणि म्हणाल्या, छान. उकडलेलं अंडं अजून नाही, त्याचं पुढच्या वर्षी बघू. पण असा भाजलेला केक आता हिने नेमाने खायचा, आठवड्यातून दोनतीनदा, सोडायचा नाही. त्याने मुंगीला विचारलं, ऐकलंस का, बाबाचा केक खायचा आता.

"मला नाही आवडला," मुंगी म्हणाली.

मग बायको तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली. त्याला आधी समजलंच नाही की आपल्याला काय होतंय. आजवर तिच्या ताटातून जे जे गेलं ते कुणाच्या तरी भीतीने गेलं होतं. हे पहिलं, जे तिने स्वतः बाजूला सारलं, जिभेने, मनाने, मालकिणीसारखं. "का ग?" त्याने विचारलं, अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं. तिने विचार केला. घशाला चिकटतो, ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

डब्यात एक तुकडा उरला होता. त्याने तो उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मुंगीचं बरोबर होतं. केक पार कोरडा झाला होता.